लाकडी जमीन आणि आपली हवा

दुकानात लाकडी फ्लोअरिंगचा नमुना हातात आला की आपण तो उजेडाकडे नेतो, रंग पाहतो, वरून हात फिरवतो. जाणता सुतार तोच तुकडा उभा धरतो आणि त्याची कापलेली कड पाहतो. वर दिसणारा ओक खरा आहे, ओकचे छायाचित्र आहे, की कागदाइतका पातळ पापुद्रा, हे कडेलाच कळते. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईतल्या नव्या फ्लॅटांमध्ये, निदान बेडरूमपुरती तरी, लाकडी जमीन करून घेण्याची हौस वाढली आहे. त्यात इंजिनिअर्ड लाकडाचे नाव सतत कानावर पडते. वस्तू चांगली आहे, मला मनापासून आवडते. पण ती मुळात ज्या हवेसाठी घडली ती हवा आपली नाही, आणि खरेदीच्या वेळी ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

चांगल्या इंजिनिअर्ड पट्टीची कड जवळून पाहण्यासारखी असते. एकूण जाडी १४-१५ मिलिमीटर. सर्वांत वर सुमारे ३ मिलिमीटरचा ओकचा थर असतो आणि पट्टीच्या टोकाला त्याची बारीक छिद्रे भिंगाशिवायही दिसतात. त्याखाली प्लायचे पातळ पदर, एक फिका, एक गडद, पुन्हा फिका. लाकूड बहुधा एकाच जातीचे असते. एका पदराचे तंतू टोकाने आपल्याकडे पाहतात, पुढच्याचे आडवे पडलेले असतात, म्हणून दोघांवरून उजेड वेगवेगळा परततो. सगळ्यात खाली तोल सांभाळणारा एक पातळ थर. या उभ्या-आडव्या रचनेतच पट्टीचे सारे मर्म आहे.

दुसऱ्या प्रकारात प्लायऐवजी मधे पाइन किंवा स्प्रूसच्या आडव्या चिपा बसवलेल्या असतात. युरोपातला बराच माल असा येतो. तिसऱ्यात गाभा असतो एचडीएफचा, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या घट्ट तपकिरी पाटाचा. त्याच्या कडेला पदर दिसत नाहीत, सगळा एकसारखा रंग दिसतो. तिन्हींच्या वर खरे लाकूड आहे, म्हणून तिन्ही इंजिनिअर्ड. लॅमिनेट ही निराळीच वस्तू. तिच्यात एचडीएफवर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि त्यावर मेलामाइनचे कठीण कवच असते. स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती आणली आणि ‘पेर्गो’ या नावाने जगभर नेली. अलीकडची एसपीसी म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांची पट्टी. तिला पाण्याचे भय नाही, पण तिच्यात लाकडाचा कणही नाही. आपल्या बाजारात या साऱ्यांना सरसकट ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. लॅमिनेट घ्यायला काहीच हरकत नाही. मुले-माणसे भरलेल्या घरात ते ओकपेक्षा कमी ओरखडते. फक्त लॅमिनेटचे पैसे देऊन लॅमिनेट घ्यावे. आठ-दहा पट्ट्या जमिनीवर शेजारी पसरून पाहा. तीच गाठ, तीच रेषा पुन्हा पुन्हा दिसली तर ते छापील आहे.

लाकडाला कापून, चिकटवून असे घडवावे का लागते? झाड तोडले तरी लाकूड हवेशी पाण्याची देवाणघेवाण थांबवत नाही. हवा दमट झाली की ते ओलावा घेते आणि फुगते, कोरडी झाली की सोडते आणि आकसते. हे फुगणे सगळ्या दिशांना सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते जवळपास शून्य असते, रुंदीत मात्र भरपूर. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत सागवान वर्तुळांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसते आणि मध्यापासून सालीच्या दिशेने २.५ टक्के. अमेरिकन पांढऱ्या ओकचे हेच आकडे १०.५ आणि ५.६ आहेत. सागवानाला आपल्याकडे एवढा मान का, याचे अर्धे उत्तर या आकड्यांत आहे. ते कमी हलते.

आता हे एका खोलीत मोजून पाहू. ३ मीटर रुंदीच्या खोलीत अखंड सागवानी फळ्या घातल्या आहेत. मे ते जुलै या काळात लाकडातला ओलावा १२ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेला, म्हणजे चारच अंशांचा फरक. तरी सगळ्या फळ्यांचे फुगणे एकत्र केले तर ते २५ मिलिमीटरच्या, म्हणजे इंचाच्या आसपास भरते. ओक असेल तर त्याच्या जवळजवळ दुप्पट. भिंत हलत नाही, त्यामुळे फळ्या एकमेकींना रेटतात आणि शेवटी वर उचलल्या जातात. जुन्या वाड्यांतल्या माडीवरच्या तक्तपोशीत फळ्यांच्या फटी दिसतात, त्या सुताराच्या हयगयीने पडलेल्या नसत. लाकडाला श्वास घ्यायला त्याने ती जागा सोडलेली असे.

पदर एकमेकांवर काटकोनात चिकटवले की खालचा पदर आपल्या लांबीच्या, म्हणजे न हलणाऱ्या दिशेने वरच्याला धरून ठेवतो. प्लायवूडचे हे तत्त्व जमिनीला लावून स्वीडनमधल्या नीब्रू गावच्या गुस्ताफ केअर यांनी बहुपदरी पार्केटचे पेटंट १९४१ मध्ये मिळवले. त्यांची कंपनी आजही हाच माल बनवते. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोंदाशिवाय एकमेकींत अडकणाऱ्या खाचांच्या पट्ट्या आल्या आणि जी जमीन बसवायला कसबी सुतार लागे ती एक-दोन दिवसांत अंथरता येऊ लागली.

पण ‘हलत नाही’ आणि ‘कमी हलते’ यांत अंतर आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक तक्रारी या अंतरातूनच निघतात. युरोपीय मानकाप्रमाणे अशी पट्टी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यातला ओलावा ५ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान असतो. थंडीत हीटर चालणाऱ्या, खिडक्या बंद असणाऱ्या घरासाठी हे अगदी योग्य आहे. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात जाते, आणि अशा हवेत लाकडाचा स्वाभाविक ओलावा १७ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. म्हणजे खोके उघडल्या दिवसापासून पट्टी पाणी पिऊ लागते. वॉरंटीचा कागद नीट वाचला तर त्यात घराची आर्द्रता अमुक ते अमुक टक्क्यांत राखण्याची अट बारीक अक्षरांत असते. ती मर्यादा बहुधा ६० टक्क्यांच्या आसपास संपते. पावसाळ्याचे चारही महिने खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या दादरच्या किंवा मडगावच्या घराला ती अट पाळता येणारच नाही.

म्हणून एकाच सल्ल्यावर सगळा महाराष्ट्र चालत नाही. किनारपट्टीवर, मुंबईपासून गोव्यापर्यंत, हवा बारा महिने दमट असते. तिथे चढउतार त्यामानाने कमी, पण पातळी उंच. जिथे एसी बऱ्यापैकी चालतो त्या खोलीत इंजिनिअर्ड लाकूड टिकते, उघड्या हवेशीर घरात त्याचे हाल होतात. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागात उलटा प्रश्न आहे. मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली जाते, लाकूड ५ टक्क्यांपर्यंत सुकू पाहते. वरचा थर आकसतो, खालचा गाभा आकसत नाही, आणि वरच्या थरावर केसासारख्या चिरा पडतात किंवा तो कडेला सुटू लागतो. पुण्याला दोन्ही सोसावे लागते. एप्रिलची कोरडी दुपार आणि ऑगस्टची झड यांतला फरक इथे खूप मोठा आहे. माझ्या मते पुण्यातल्या माणसाने तर पट्टी निवडण्याआधी पाचशे-हजार रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक आणून उन्हाळा-पावसाळा त्याच खोलीत टांगून ठेवावा. लाखभर रुपये जमिनीत घालताना एवढा धीर परवडतो.

न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरंटोत घर घेतलेल्या आपल्या मंडळींना हीच अडचण हिवाळ्यात भेटते. भट्टी सुरू झाली की घरातली हवा नागपूरच्या उन्हाळ्याइतकी कोरडी होते. तिथले फ्लोअरिंगवाले आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवायला सांगतात आणि त्यासाठी लोक ह्युमिडिफायर लावतात. इकडे मुंबईत त्याच पट्टीसाठी हवेतले पाणी काढणारे यंत्र लागते.

आता वरच्या थराकडे येऊ. तो ०.६ मिलिमीटरपासून ६ मिलिमीटरपर्यंत मिळतो आणि किमतीतला मोठा फरक इथलाच आहे. युरोपीय मानकात हा थर किमान २.५ मिलिमीटर असेल तरच मालाला पार्केट म्हणता येते. त्याखाली ते नुसते व्हेनीर घातलेले फ्लोअरिंग. एकदा जमीन घासून नवे पॉलिश करायचे म्हणजे अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जाते. त्यामुळे ३-४ मिलिमीटरचा थर दोनदा, फार तर तीनदा घासता येतो. १ मिलिमीटरचा थर कधीच नाही. तो खराब झाला की पट्टीच बदलावी लागते. विक्रेता ‘वेअर लेयर’ म्हणाला तर नेमके कशाबद्दल बोलतो ते विचारून घ्यावे. काही जण लाकडाच्या थराला तसे म्हणतात, एसपीसीवाले वरच्या पारदर्शक प्लॅस्टिकला.

यावरून जितका जाड थर तितके बरे, असे वाटेल. मी तसे म्हणणार नाही. ६ मिलिमीटरचा ओक आपल्या ताकदीने गाभ्याला वाकवू पाहतो, आणि गाभा कमकुवत असेल तर कोरड्या हवेत हा जाड थरच आधी त्रास देतो. घरगुती वापराला ३ ते ४ मिलिमीटर पुष्कळ झाले. बिनचपलेच्या आपल्या घरांत तर जमीन कमी झिजते. तिच्यावर ओरखडे ओढते ती दारातून आत येणारी वाळू आणि सरकवलेली खुर्ची. दाराशी जाड पायपुसणे आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे लावले की जमिनीचे आयुष्य वाढते.

लाकडाची जात निवडताना लोक कठीणपणाचे आकडे विचारतात. ते यान्का चाचणीतून येतात. लाकडात पोलादाची लहान गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो, हे त्यात मोजतात. पांढऱ्या ओकचा आकडा साधारण १,३६० पौंड, सागवानाचा १,०७०, अमेरिकन अक्रोडाचा १,०१०, हिकरीचा १,८२०. घरासाठी यांतले कोणतेही चालते. मला वाटते, कठीणपणापेक्षा लाकूड किती हलते ते आधी पाहावे. गुळगुळीत चकचकीत पृष्ठभागापेक्षा ब्रश मारून रेषा किंचित उठवलेला, मॅट पॉलिशचा पृष्ठभाग घ्यावा, कारण त्यावर रोजचे बारीक चरे दिसत नाहीत. सूर्यप्रकाशाने अक्रोड फिका होतो, चेरी गडद होते. पश्चिमेची मोठी खिडकी असेल आणि गालिचा कायम एकाच जागी पसरलेला असेल तर काही महिन्यांत त्याची चौकट जमिनीवर उमटते.

सागवानाबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण मराठी घराचे मन शेवटी तिथेच ओढ घेते. आलापल्ली आणि बल्लारशाचे सागवान अयोध्येच्या राममंदिरापर्यंत पोहोचले. पण अखंड सागवानी फळ्यांची जमीन आता फार थोड्यांच्या आवाक्यात आहे. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि ज्याला आपण बर्मा टीक म्हणतो ते आणखी दुर्मीळ झाले. आज येणारे बरेचसे सागवान आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडींचे असते, कमी वयाचे. अशा वेळी तीन-चार मिलिमीटरचे सागवान वर आणि खाली लवकर वाढणाऱ्या निलगिरीचा किंवा रबरवूडचा गाभा, ही मला पटणारी व्यवस्था आहे. १८-२० मिलिमीटरच्या एका अखंड फळीच्या लाकडात चार-पाच पट्ट्यांचा वरचा थर निघतो. यमुनानगरचा पॉप्लर-निलगिरीचा प्लाय आणि केरळात पेरुंबवूरच्या आसपासचा रबरवूडचा प्लाय हे शेतकऱ्याच्या बांधावरचे किंवा मळ्यातले लाकूड आहे. त्यासाठी जंगल तोडावे लागत नाही. पाडलेल्या वाड्यांतून निघालेले जुने सागवान चिरून वरचा थर म्हणून वापरता आले, तर त्याहून चांगले दुसरे काही मला सुचत नाही. शंभर वर्षे ऋतू सोसलेले ते लाकूड असते.

लाकूड कुठून आले हा प्रश्न नुसत्या सद्भावनेचा नाही. अमेरिकेतल्या लंबर लिक्विडेटर्स या मोठ्या साखळीने रशियाच्या अतिपूर्वेकडच्या, सायबेरियन वाघाच्या जंगलातला बेकायदा तोडलेला ओक चीनमध्ये फ्लोअरिंग होऊन आल्यावर विकल्याचे प्रकरण उघड झाले. २०१५ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि तिला १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक दंड बसला. त्याच वर्षी मार्चमध्ये सीबीएसच्या ‘६० मिनिट्स’ कार्यक्रमाने तिच्या चिनी लॅमिनेटमधून फॉर्मल्डिहाइड मर्यादेपेक्षा जास्त सुटत असल्याचे दाखवले. हा वायू गोंदातून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. म्हणून खोक्यावर ई१ किंवा कार्ब फेज २ ही कमी फॉर्मल्डिहाइडची खूण आहे का ते पाहावेच. नवे खोके उघडल्यावर डोळे चुरचुरत असतील तर तो माल बेडरूमसाठी घेऊ नये.

गोंद पाण्याच्या बाजूनेही महत्त्वाचा आहे. युरिया गोंद स्वस्त आणि फिका असतो, फिनॉलचा गडद तपकिरी. कडेला दोन पदरांमधली रेघ गडद दिसली तर ते सहसा चांगले लक्षण. मरीन प्लायच्या आयएस ७१० मानकात नमुना ७२ तास उकळून पाहतात. घरी एवढे करायची गरज नाही. विक्रेत्याकडून नमुन्याचा तुकडा मागावा आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवावा. एचडीएफचा गाभा सकाळी कडेने फुगलेला दिसेल आणि सुकल्यावरही मूळ जाडीवर येणार नाही. चांगला प्लाय थोडा फुगतो आणि परत बसतो. जो दुकानदार तुकडा द्यायला कां-कू करतो त्याच्याकडून मी तरी माल घेणार नाही.

इतके सगळे पाहून घेतलेली पट्टी खालच्या कोब्यामुळे वाया जाऊ शकते. नव्या सिमेंटच्या थरातले पाणी सुकायला ढोबळमानाने मिलिमीटरला एक दिवस लागतो. थर जाड असेल तर त्याहून जास्त, आणि पावसाळ्यात तर विचारूच नये. इमारतीचा ताबा मिळाला, गृहप्रवेशाचा मुहूर्त काढला आणि मिस्त्रीने दहा दिवसांच्या कोब्यावर लाकूड अंथरले, असे सर्रास होते. तपासण्याची सोपी रीत आहे. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लॅस्टिक जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि एक दिवस तसेच राहू द्या. आतल्या बाजूला थेंब जमले किंवा खालचा कोबा गडद झाला, तर अजून थांबायला हवे. तळमजल्यावर ही कसोटी उतरली तरी मी लाकूड घालणार नाही, खालून ओल वर येण्याचा धोका तिथे कायमचा असतो. वाळवीचा रस्ताही तिथूनच येतो. आयएस ६३१३ प्रमाणे वाळवीप्रतिबंधक फवारणी झालेली इमारत असली तरी ओकला वाळवी सागवानापेक्षा लवकर लागते.

बसवताना दोन गोष्टींवर मालकाने स्वतः उभे राहावे. एक, जमिनीची पातळी. दोन मीटरची सरळ पट्टी आडवी-उभी फिरवली तर खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. नाहीतर चालताना पट्टी दबते आणि खाचेचे कुलूप हळूहळू तुटते. दुसरी, भिंतीलगत सोडलेली १० ते १२ मिलिमीटरची मोकळी जागा. कारागिराला ती कुरूप वाटते, मालकालाही. पण स्कर्टिंग ती झाकते, आणि जमिनीला पावसाळ्यात पसरायला तीच जागा मिळते. दाराच्या चौकटीखाली आणि खांबाभोवतीही ती हवी. जड फर्निचर बसवून, त्याला जमिनीत खिळे ठोकून तरंगत्या, म्हणजे खाली न चिकटवलेल्या जमिनीला एका जागी जखडले तर भिंतीलगत सोडलेल्या जागेचा उपयोग उरत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खाली रबराचा किंवा कॉर्कचा अस्तर-थर घ्यावा. पातळ फोमवरची लाकडी जमीन खालच्या शेजाऱ्यांना प्रत्येक पाऊल ऐकवते.

राहता राहिले पाणी. आपल्याकडे घर स्वच्छ करणे म्हणजे बादलीभर पाणी, त्यात फिनेल आणि टपटपणारे फडके. लादीला हे चालते. इंजिनिअर्ड जमिनीला पिळून घट्ट केलेले फडके पुरते, आणि रोज तेही नको, झाडू किंवा व्हॅक्युमने भागते. घरकामाला येणाऱ्या ताईंना पहिल्याच दिवशी हे नीट दाखवून द्यावे. नुसते सांगून मग ओरडणे अन्यायाचे आहे, कारण त्या बाकी सगळ्या घरांत बादलीनेच पुसतात. पुण्यात पाहिलेल्या एका फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दारापासून तीन पट्ट्यांपर्यंत कडा वर आलेल्या होत्या, मध्य खोल, आणि पुढची जमीन मात्र ठणठणीत. ओल्या पावलांनी अगदी नेमकी रेघ आखली होती. अशा दाराशी दगडाचा उंबरा किंवा हातभर टाइल ठेवली की प्रश्न मिटतो. देवघरासमोर अभिषेक, निरांजन, रांगोळी असते तिथेही लाकूड नको. तिथे शहाबादी किंवा कोटा लावावा, तो शोभतोही. स्वयंपाकघर, बाल्कनीचा उंबरठा आणि पावसाचा मारा येणाऱ्या खिडकीखालची जागा यांनाही हेच लागू आहे.

म्हणजे आपल्या हवेत इंजिनिअर्ड लाकडाची खरी जागा बेडरूम, अभ्यासाची खोली आणि फार तर बंद बैठकीची खोली. संपूर्ण घर लाकडी करण्यापेक्षा हेच पैसे एका खोलीच्या चांगल्या गाभ्यावर आणि पुरेशा जाड थरावर घालणे मला शहाणपणाचे वाटते. काम शक्यतो दिवाळीनंतर, हवा ना फार ओली ना फार कोरडी अशी असताना करावे, आणि त्याआधी दोन-तीन दिवस खोकी त्याच खोलीत आडवी ठेवावीत. बिलावर लाकडाची जात, वरच्या थराची जाडी, गाभ्याचा प्रकार आणि बॅच क्रमांक लिहून घ्या. त्याच बॅचचे एक खोके जास्तीचे घेऊन माळ्यावर नको, कपाटात आडवे ठेवा. पाच वर्षांनी एखादी पट्टी बदलायची वेळ आली तर तोच रंग बाजारात मिळणार नाही.